पायाळूला उसण भरत नाही

माझ्या आईच्या उजव्या पायाला माझ्यापेक्षा जास्त पेशंट आहेत. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, संतापून सांगते आहे. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी गोव्यात डिचोलीच्या एका दवाखान्यात बसते. दारावर माझ्या नावाची पाटी आहे: सिद्धी, पुढे पदवी, पुढे वेळ. आणि इथे धारगळला आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, रविवारी सकाळी पाववाला पोदेर उंडे देऊन जातो न जातो तोच, कोणीतरी कमरेवर हात ठेवून वाकडा उभा असतो. मी दार उघडते. तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "आवय आसा गो घरात?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमचं घर बघूनच कोणीतरी म्हटलं असणार.

माझी आई, पद्मावती, पायाळू. म्हणजे जन्मताना तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात. उसण म्हणजे वाकताना, काही उचलताना कमरेत एकदम कळ भरते आणि माणूस जागच्या जागी अडकतो, ती. पायाळूकडे जायचं, पालथं झोपायचं, त्याने उजव्या पायाच्या अंगठ्याने कण्याच्या बाजूला तीनदा दाबायचं, आणि उठून मागे न बघता घरी चालू लागायचं. झालं. तेल नाही, औषध नाही, देणंघेणं नाही. काही घेतलं तर म्हणे पायातला गुण जातो.

आई वाढली डिचोली तालुक्यात. पायाळूवर वीज पडते, हीसुद्धा एक समजूत. त्यामुळे आभाळात जरा गुरगुरलं की बाकीची मुलं अंगणात, आणि हिला आतल्या काळोख्या खोलीत भाताच्या कणगीला टेकवून बसवायचे. पावसाळ्यात शाळेला दांड्याच दांड्या. मास्तरांनी शेवटी पटावरून नाव काढलं. आणि ज्यांनी तिला आत कोंडलं तेच शेजारीपाजारी, पाठ धरली की अंगणातून हाका मारायचे, "पद्मा गो, पाय लाव मगे!" एवढीशी पोर, आजोबांच्या वयाच्या माणसाच्या पाठीवर पाय ठेवायची. वडीलधाऱ्याला पाय लावणं हे पाप, म्हणून नंतर त्याच माणसाला वाकून नमस्कार करायचा. आधी लाथ, मग नमस्कार. आईचं अर्धं आयुष्य यात गेलं.

लग्न होऊन धारगळला आली तेव्हा माझ्या आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, अख्ख्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सांगितलं, "माझी सून पायाळू!" सून शिकलेली नाही, गोरी नाही, ते सगळं त्यात बुडून गेलं. तेव्हापासून आईला स्वतःबद्दल जे काही वाटतं ते त्या पायात आहे. बाकी दिवसभर ती मिरचीच्या मळ्यात वाकलेली असते: रोपं लावणं, पाणी घालणं, तण काढणं, तोडणी. कळशा ती अजून कमरेवर घेते. नळाला पाइप लाव म्हटलं की सांगते, पाइपाने रोपांची मुळं उघडी पडतात.

आता पुढचं ऐका. मीसुद्धा आईच्या पोटात उभीच होते, पाय खाली. पण डॉक्टरांनी सिझेरियन केलं. पोट कापून काढलेल्या मुलाचं आधी काय आलं, हे कोण बघतो? वाड्यावर म्हणे पुष्कळ दिवस चर्चा चालली, ही पायाळू धरायची की नाही. शेवटी आजीने निकाल दिला: नाही. बरं झालं, सुटले! नाहीतर माझंही तेच झालं असतं.

कॉलेजात पाठीचे स्नायू शिकले त्या सुट्टीत मी माझ्या भावाला, गौरेशला, उघडा बसवला आणि त्याच्या पाठीवर स्केचपेनने सगळं काढून आईला दाखवलं. पाठ म्हणजे एक फळी नव्हे. केळीचा खांब सोलावा तसे एकाखाली एक पदर. सगळ्यात वर ट्रॅपेझियस, मानेपासून दोन्ही खांद्यांवर पसरतो आणि खाली पाठीच्या मध्यावर निमुळता होतो. त्याच्या खालच्या अंगाला लॅटिसिमस, कमरेपासून काखेत जाणारा. विहिरीतून पाणी ओढताना तोच राबतो. हे दोघे दिसायला दांडगे, पण कामाला हातांच्या. माणसाला उभं धरतात ते आतले: कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे उभे इरेक्टर स्पायनी, आणि त्यांच्याही खाली, मणक्यामणक्याला चिकटून, मल्टिफिडस. बोटाएवढे तुकडे. त्यांना कोणी ओळखत नाही, पण ते बिघडले की धडधाकट गडी लहान मुलासारखा रडतो.

आई लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "बरा. आनी पाय खंय लावचो?"

"खंयच नाय, आई! उसण म्हणजे ह्या स्नायूंनी भिवन आवळलेली मूठ. चार दिवसांनी आपसूक सुटता. तू पाय लाव, नायतर नको लाव."

"आपसूक सुटता तर मगे लोकांक तू तरी कित्याक होयी?"

गौरेश हसून हसून लोळला आणि माझा लॅटिसिमस चटईला पुसला गेला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आमच्या वाड्यावर निवृत्ती म्हणून एक जण भाड्याने राहतो. चंदगडकडचा. मोप्याच्या बाजूला इमारतींमध्ये लाद्या बसवतो. दिवसभर उकिडवा, वाकून. त्याला महिन्या-दोन महिन्यांनी उसण ठरलेली. एकदा मी त्याला सोप्यावरच गाठला. नीट तपासला, उकिडवं न बसता गुडघ्याखाली गादीचा तुकडा घेऊन काम कसं करायचं ते दाखवलं, दोन व्यायाम करून घेतले. तो सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणाला.

"समजलं ना?"

"समजलं की, डॉक्टरताई. लई चांगलं सांगितलंसा." आणि लगेच पालथा झोपला. "मावशी, येताय न्हवं?"

मला सांगा, डोकं फुटायचं नाही तर काय होणार! आई पाय धुऊन पदराला हात पुसत आली, माझ्याकडे बघून गालात हसली, आणि अंगठा लावला. तो गेला ताठ चालत. त्याची मूठ माझ्या व्यायामाने सैल झाली होती, की उठल्याबसल्याने, की भरवशाने, देव जाणे. नाव पायाचं झालं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. आयुष्यभर चिडचिड केली असती आणि चालवून घेतलं असतं. पण मे महिन्यात एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर मळ्याच्या वाटेवर आईची एक चप्पल पडलेली. उजवी. पुढे अंगणात आई चालत होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि तिला पत्ताच नाही.

"आई, चप्पल खंय तुझी?"

तिने खाली बघितलं. "अगो! सुटली वाटता."

मग मी तिचं चालणं ऐकलं. डावा पाय नीट टेकतो, उजवा फटकन आपटतो. उंबरठा ओलांडताना तिने उजवा गुडघा असा वर घेतला, जसा काही उंबरठा हातभर उंच आहे.  तिला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं आणि म्हटलं, "टाच भुयेक टेकव. आता पाऊल वयर कर."

डावं पाऊल वर आलं. उजवं नाही.

"अंगठो तरी वयर कर."

ती अंगठ्याकडे बघत राहिली, कपाळाला आठ्या घालून. अंगठा जरासा थरथरला आणि पडून राहिला. तोच अंगठा!

"कधीपासून ह्या?"

 खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. शिमग्याच्या आधी मिरचीला पाणी घालताना कमरेत कळ आली होती. कमरेतून मांडीच्या मागून खाली, थेट पायाच्या बोटांपर्यंत. रात्र रात्र झोप नाही. कोणाला सांगितलं नाही. मग एक दिवस दुखणं आपोआप थांबलं आणि पाय बधिर झाला.

"आणि तू गप्प रवलंस? घरात डॉक्टर आसा, आई! मी लोकांच्या पाठी बघतंय दिवसभर!"

"पायाळूक उसण भरत नाय गो," ती म्हणाली, जसं काही मीच वेड्यासारखं बोलते आहे. "ती उसण न्हय. ती वीज. माझ्यार पडतली म्हणान सगळे भियत होते मा, तीच ती. कमरेतसून गेली आनी पायातसून भायर पडली. तिच्यातसून मी वाचलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. काय म्हणायचं या बाईला! लहानपणापासून ज्या विजेसाठी हिला कोंडून ठेवलं, ती वीज हिने आपल्याच कमरेत शोधली आणि सुटल्याचा आनंद केला. दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली होती. दुखतं तोवर शीर जिवंत असते. दुखणं थांबलं आणि पाऊल लुळं पडलं, म्हणजे ती मरायला लागली. हिने ते बरं झाल्याचं लक्षण धरलं.

पाठीचा फोटो, म्हणजे एमआरआय, काढायला ती आली. फोटोत काही कापत नाहीत ना, म्हणून. सर्जनने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन लवकर करा. जितका उशीर तितकं पाऊल परत यायची आशा कमी.

आई म्हणाली, "पाठीक सुरी लावक दिवचंय नाय."

"कित्याक?"

"गुण जातलो."

मी ओरडले, रडले, जेवण सोडलं. गौरेशने समजावलं. बाबा, सगुण नाव त्यांचं, जन्मात कधी आवाज चढवला नाही त्या माणसाने, तेही म्हणाले, "पद्मा, चेडू सांगता ता आयक." काही उपयोग नाही. वर मलाच विचारते, "पाय लावक जमला नाय तर मी कोण गो? मिरच्या तोडणारी म्हातारी?" दुखणं अंगावर काढायची सवय असलेल्या माणसाला दुखतच नसेल तर दवाखान्यात न्यायचं कसं? दिवस जात होते. रोज सकाळी मी तिचा अंगठा बघायची. रोज तो आदल्या दिवशीपेक्षा कमी थरथरायचा. एक दिवस थरथरणंही थांबलं. दवाखान्यात बसून मी लोकांना "वेळेवर आलात हो" म्हणत होते आणि घरी माझ्या डोळ्यांसमोर वेळ निघून चालली होती. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. भांडी आपटत होते, गौरेशवर उगाच खेकसत होते.

आणि तशातच निवृत्ती आला. तसाच वाकडा, हात कमरेवर.

"आज नाही," मी दारातच म्हटलं. "मावशींना बरं नाही."

"कोण म्हणता?" आतून आई आली. पाय धुतलेला. पातळाच्या निऱ्या मुद्दाम खाली सोडलेल्या, पाऊल दिसू नये म्हणून. "झोप रे तू."

निवृत्ती चटईवर पालथा झोपला, तोंड भिंतीकडे. मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले. मनात म्हटलं, कर, बघू दे जगाला.

आईने सोप्याचा खांब धरला. गुडघा उचलला. पाऊल खाली लोंबलं, ओल्या फडक्यासारखं. अंगठा निवृत्तीच्या सदऱ्याच्या वर कुठेतरी अधांतरी. तिने मांडीला हात लावून पाय पुढे ढकलायचा प्रयत्न केला, तोल गेला, आणि ती मागच्या बसण्यावर, सोप्याच्या कट्ट्यावर, आदळली. मी धावले. तिने ओठांवर बोट ठेवलं.

निवृत्ती पालथाच. क्षणभराने म्हणाला, "झालं का मावशी? आत्ताच सैल वाटाया लागलं बघा."

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. तिच्या अंगठ्याचा त्याला स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

"जाला," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "ऊठ. मागे बघू नको."

तो उठला आणि नियमाप्रमाणे मागे न बघता पायऱ्या उतरून गेला. त्या नियमामुळे त्याला दिसली नाही ती, बसण्यावर तिरकी पडलेली, एका हाताने आपलाच पाय गोळा करणारी. मी त्या नियमाला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बरं म्हटलं.

"लागलोच नाय गो," तो फाटकाबाहेर गेल्यावर आई म्हणाली. "अंगठो लागलोच नाय. आनी तेका बरा वाटला."

आता मी काय बोलायला हवं होतं? एवढी वर्षं मी हेच सांगत होते. जिंकले होते ना मी! पण तिचा चेहरा बघून मी खाली बसले आणि तिच्या निऱ्या पावलावर सारख्या केल्या.

तिने पाय हाताने उचलून खाली सोडला. मग सरकत सरकत खाली चटईवर आली आणि पालथी झोपली. निवृत्ती झोपला होता तिथेच.

"काय करतंस?"

"लाव."

"काय लाव?"

"पाय. माझ्या पोटात तुझे पाय खाली होते. डॉक्टरान पोट कापल्यान म्हणान काय जाला? माका म्हायत आसा मा. तू पायाळूच."

"आई!" मी किंचाळलेच. "आत्ता बघितलंस ना डोळ्यांनी? पायान काय्येक होत नाय! शीर दाबलीसा तुझी!"

"म्हायत आसा," ती चटईत तोंड खुपसून म्हणाली. "तरी लाव. इतक्या लोकांच्या पाठीक लायलंय मी. माझ्या पाठीक एकदाय कोणी लावूक नाय. मोप्याचो बाबली पायाळू होतो, तेच्याकडे जावचा असा लय फावटी मनात इला. पण जातलंय कशी? पायाळूक उसण भरता म्हणान कोणाक सांगतलंय?" आणि मग हळूच, "लाव गो. मगे तू न्हेशीत थंय येतंय."

मी आत गेले. न्हाणीत पाय धुतला.  बाहेर आले आणि खांब धरून उजवा पाय आईच्या कमरेवर ठेवला. दाबला नाही, नुसता टेकवला. जन्मदात्या आईच्या पाठीवर पाय! 

डाव्या बाजूला तो उभा दोरखंड लागला, घट्ट, आयुष्यभर वाकून कमावलेला. पाय उजवीकडे नेला. तिथे काही नव्हतं. जिथे मांसल भरीव असायला हवं तिथे खळगा होता. आतले ते बोटाएवढे तुकडे वाळून गेले होते. हे एका दिवसाचं काम नव्हे. या बाईने किती महिने, किती वर्षं दुखणं गिळलं होतं, ते माझ्या तळपायाला कळलं.

एक. दोन. तीन.

मग मी खाली बसले आणि तिला वाकून नमस्कार केला. ती मागे न बघता उठली, खांबाला धरून. म्हणाली, "गाडी काढ म्हण गौरेशाक."

ऑपरेशन चांगलं झालं. शीर मोकळी झाली, कमरेतली जुनी ओढ गेली. पण वरातीमागून घोडं ते घोडंच. रोज मी तिला व्यायाम देते, पिंडरीला करंट लावते, चपलेऐवजी पट्टा लावलेला बूट घालायला लावते. चतुर्थी होऊन गेली, दिवाळी आली. घोट्यात थोडा जोर आला आहे. अंगठा अजून पडूनच आहे. सर्जन "बघू" म्हणतात. मी ते "बघू" ओळखते, मीच लोकांना म्हणते ते.

आणि तुम्हाला वाटेल, आता तरी लोक यायचे थांबले असतील. डोंबल! पद्मावतीचा पाय अधू झाला तो लोकांच्या उसणी आपल्यावर घेऊन घेऊन, असं वाड्यावर ठरलं आहे. मान आणखी वाढला. मी भांडून दमले.

एक मात्र तिने सुरू केलं, मला न विचारता. परवा निवृत्ती आला. आई सोप्यावर कदेलीवर, पायात पट्ट्याचा बूट. तो सवयीने पालथा व्हायला लागला तर तिने त्याला थांबवलं.

"आधी बस. टाच भुयेक टेकव. हां. आता अंगठो वयर कर."

"आं? ते का?"

"कर म्हणतंय ना. ज्याचो अंगठो वयर येत नाय तेका मी पाय लावचंय नाय. तेणा सिद्धीच्या दवाखान्यात जावचा, त्याच दिसा."

निवृत्तीने अंगठा वर केला. सिमेंटने पांढरा पडलेला, नख फुटलेला अंगठा, ताठ उभा राहिला.

आई पुढे वाकून त्या अंगठ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. निवृत्ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"मावशी, खाली घेऊ का?"

"रव," आई म्हणाली. "रव जरा. बघूंदी माका."